पाठीमागून हाक मारू नये

सोमवार, ७ ऑक्टोबर

आत्या म्हणायची, मनातलं सांगायला माणूस नसेल तर कागदाला सांगावं. तो मधेच तोंड घालत नाही. आजपासून कागदाला सांगते आहे. आईला फोनवर सगळं सांगता येत नाही. तिचा आवाज हल्ली फार लांबून येतो आणि मला सारखं 'काय?' म्हणावं लागतं. या खोलीत फोनला रेंजच नीट येत नाही. बाबा तर फोनवर येतच नाहीत. त्यांना पहिल्यापासून फोन आवडत नाही. आईच त्यांच्या वतीने बोलते.

कामाला लागून दुसरा महिना चालू आहे. आमच्या कारखान्यात सुऱ्या, कात्र्या आणि यंत्रांची पाती बनतात. त्यांना धार लावायची जी दगडी चाकं असतात, जेवणाच्या ताटाएवढी, भट्टीत भाजलेली, ती मशीनवर चढण्याआधी माझ्या टेबलावर येतात. मी चाक त्याच्या मधल्या भोकातून खुंटीला टांगते, लाकडी मोगरीने हलकेच ठोकते, थोडं फिरवते, पुन्हा ठोकते. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. आत तडा असेल तर बद्द वाजतं. तडा डोळ्यांना दिसत नाही. तसलं चाक मशीनवर वेगाने फिरलं की फुटतं, आणि तुकडे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतात. म्हणून तर माझी नोकरी आहे.

बाद चाकाचा नियम असा, की ज्याने बाद केलं त्यानेच ते हातोड्याने फोडायचं. म्हणजे चुकून कुणी चढवायला नको. फोडल्यावर तुकड्याची कड बघायची. आत जुना तडा असेल तर तेवढा भाग धुळीने काळपट झालेला असतो. नसेल तर सगळी कड ताजी, पांढरी. चाक खरंच वाईट होतं का, हे फोडल्यावरच कळतं. आणि चांगलं होतं असं कळलं तर तोवर ते फुटलेलं असतं.

आज पाच फोडली. पाचही पांढरी निघाली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांनी माझं नाव 'महाराणी' ठेवलं आहे. हे मला सावकाशकाकांनी सांगितलं. काका मोठ्या मशीनवर धार लावतात आणि उठता-बसता 'सावकाश' म्हणतात, म्हणून सगळा कारखाना त्यांना याच नावाने ओळखतो. त्यांचा आवाज जाड, घागरीतून आल्यासारखा. का कोण जाणे, इथे मला फक्त त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं. बाकीचे सगळे ओठातल्या ओठात पुटपुटतात.

मी विचारलं, महाराणी का? तर म्हणाले, तू हाकेला ओ देत नाहीस म्हणून. चारदा बोलावल्यावर एकदा तुझी मान वळते, तीही दरबार भरल्यासारखी.

मला फार लागलं ते. खरं तर तक्रार मी करायला हवी. आमच्या घरात पाठीमागून हाक मारणं हा शुद्ध असभ्यपणा. माझी शाळा बाराव्या वर्षापर्यंत घरीच झाली. घर आणि बाबांचं धार लावायचं वर्कशॉप एकाच छपराखाली, वस्तीपासून लांब. शाळा त्याहून लांब. लिहायला-वाचायला आईने शिकवलं, गणित आणि चाकं बाबांनी, आणि वागावं कसं ते आत्याने. तिचे नियम अजून पाठ आहेत. बोलायचं तर आधी माणसाच्या समोर जावं. तो कामात असेल तर खांद्याला हात लावावा, त्याने वळून पाहिलं की मग तोंड उघडावं. तोंडापुढे हात धरून बोलू नये. एक बोलत असताना दुसऱ्याने बोलू नये. दिवा मालवला की बोलणं बंद. सगळ्या घरांत असं नसतं हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळल्यावर आमच्या घराचा अभिमानच वाटला.

इथली माणसं वाईट नाहीत. त्यांना कुणी शिकवलेलं नाही इतकंच. पाठीमागे उभं राहून काहीतरी बोलतात आणि मी उत्तर दिलं नाही की मलाच शिष्ट म्हणतात.

उद्यापासून डबा जिन्यावर बसून खाणार आहे. टेबलावर सगळ्या एकदम हसतात आणि काय झालं ते समजेपर्यंत हसायची वेळ निघून जाते. मागून हसलं की आणखीच वेड्यासारखं दिसतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज घरमालकीण काकू तरातरा वर आल्या. चहाच्या किटलीतलं पाणी आटून बूड काळं पडलं होतं. मी किटलीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून खिडकीबाहेर बघत होते. त्या म्हणाल्या, किटलीची शिट्टी खालपर्यंत ऐकू येत होती, तुला कशी नाही आली? मी विचारात होते असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढे कसले विचार गं बाई, घर जळून गेलं तरी संपायचे नाहीत."

खरंच कसले विचार करत होते? आठवून पाहिलं. काहीच करत नव्हते. नुसती बसले होते, आणि सगळीकडे शांत होतं. मला ते बरं वाटत होतं.

गजरही दोनदा चुकला या आठवड्यात. आई म्हणते अशक्तपणा असेल. मी नवी किटली आणून ठेवली आणि काकूंची माफी मागितली.

सोमवार, १४ ऑक्टोबर

लहानपणी आमच्या घरात माझ्या पोटाला मान होता. आत्या पहिल्यांदा आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशी माझं पोट दुखत होतं. तेव्हापासून कुठे लांब निघायचं असलं की आई अर्धी चेष्टेने आणि अर्धी मनापासून विचारायची, "काय गं, पोट काय म्हणतंय?" मला उत्तर द्यायची भीती वाटायची. काही होत नसलं तरी मी 'थोडंसं दुखतंय' म्हणायचे. उगाच जबाबदारी नको. ज्या दिवशी पोट दुखलं आणि पुढे काहीच घडलं नाही, असे दिवस कुणी लक्षात ठेवले नाहीत. मीही नाही.

आज तेच पोट मला तोंडघशी पाडून गेलं. सकाळी एक चाक पास केलं. नीट घंटेसारखं नव्हतं वाजलं, पण हल्ली कुठलंच तसं वाजत नाही; सगळं बाद करून कसं चालेल? ते चाक काकांच्या मशीनवर गेलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तो काही केल्या उतरेना.  डोळ्यांसमोर काकांचं तोंड आणि रक्त असं सारखं येऊ लागलं. शेवटी धावत गेले, ओरडून मशीन बंद करायला लावली. सगळे बघत होते. काकांनी चाक उतरवून दिलं. मी फोडलं.

कड पांढरी. कुठे डागसुद्धा नाही.

काका फक्त "सावकाश" म्हणाले आणि दुसरं चाक चढवायला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

फोरमनने बोलावलं. ते भले गृहस्थ आहेत, माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान असतील. म्हणाले, आधीच्या तपासनिसाने वर्षभरात फोडली नसतील एवढी चाकं तू फोडलीस. मी आज बाजूला काढलेली सगळी चाकं त्यांनी स्वतः एकेक करून ठोकली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिलं.

"वाजतंय की नाही?"

मी हो म्हणाले.

इथे खरं लिहायला हवं. मला प्रत्येक वेळी बद्दच ऐकू आलं होतं. मग हो म्हणणं हे खोटं झालं का? त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जवळून जाणाऱ्या, पॅकिंगच्या टेबलावरच्या एका ताईंनीही मान डोलावली. सगळ्यांना जे ऐकू येतं तेच खरं असणार. मला जे ऐकू येतं ते माझ्या भीतीमुळे ऐकू येत असणार.

फोरमन म्हणाले, "मन चिंती ते वैरी न चिंती. तू मन लावून काम करतेस हीच चूक होतेय. कान लावून कर."

आता मी फोडायचं नाही. शंका आली तर चाकावर खडूने फुली मारून बाजूला ठेवायचं, ते येऊन ठोकतील आणि ठरवतील. आणि महिनाअखेर असंच चाललं तर मला या टेबलावर ठेवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे शेवटचं एक वाक्य कळलं नाही. परत विचारायचा धीर झाला नाही.

नोकरी गेली तर घरी जाता येईल, असं क्षणभर वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. इथे काकांच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे आणि मी माझ्या घरी जाण्याचा विचार करते आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज अर्धा दिवस. दुपारी मशिनी बंद झाल्या, सगळे गेले. मी टेबल पुसायला थांबले. खरं तर कुठे जायचं नव्हतं.

खुंटीला एक चाक टांगलेलं राहिलं होतं. ते काढताना बाबा आठवले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये खुंटी नव्हती की मोगरी नव्हती. ते चाक आपल्या तर्जनीवर अडकवायचे, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताच्या सांध्याने टकटक करायचे. मी सात-आठ वर्षांची असताना माझंही बोट तसंच अडकवायला लावायचे. मी म्हणायचे, बाबा, वाजलं. ते म्हणायचे, "वाजेना का. कानाचं काय, कान कुणाचंही ऐकतात. हाताला काय सांगतंय ते बघ." मला तो त्यांचा विनोद वाटायचा. इथे आल्यावर मोगरी मिळाली, नियम मिळाले, आणि ते सगळं पोरखेळ म्हणून सोडून दिलं.

आज कुणी बघायला नव्हतं, म्हणून केलं. डोळे मिटले. चाक जड होतं, बोट दुखलं. टकटक केलं तशी एक थरथर बोटातून मनगटात आणि तिथून कोपरापर्यंत गेली आणि हळूहळू विरली. पाण्यात खडा टाकल्यावर लाट काठापर्यंत जाते तशी. दुसरं घेतलं. तेही तसंच. ही दोन्ही मी सकाळी कानाने ऐकून फुली मारलेली चाकं होती. बोटाला विचाराल तर दोन्ही धडधाकट.

मग पास केलेल्यांतलं एक घेतलं. थरथर निघाली, आणि मनगटापर्यंत यायच्या आत तुटली. अंधारात जिना उतरताना एक पायरी नसावी तसं झालं. फिरवून पुन्हा ठोकलं. एका बाजूला नीट जाते, दुसऱ्या बाजूला तुटते.

एक गोष्ट विचित्र होती. पोटात काहीच झालं नाही. गोळा नाही, खड्डा नाही, काही नाही. काकांचा चेहराही डोळ्यांसमोर आला नाही. बोट फक्त सांगत होतं, आणि सांगून गप्प बसलं. पोट असं कधीच करत नाही. ते एकदा सुरू झालं की पदर ओढणाऱ्या पोरासारखं मागे लागतं.

पहिल्या दोन चाकांवरच्या फुल्या पुसल्या. तिसऱ्यावर फुली मारली. बरोबर केलं की नाही माहीत नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सकाळी फोरमनने बाजूला ठेवलेली चाकं ठोकली. फुली मारलेलं ते चाकही. त्यांनी एकाच जागी ठोकलं. मशिनी चालू होत्या, ते घाईत होते. मी म्हणाले, दुसऱ्या बाजूलाही ठोकून बघता का? त्यांनी ठोकलं. "वाजतंय," म्हणाले, आणि बाहीने फुली पुसली. चाक काकांकडे गेलं.

मी टेबलाशी उभी राहिले. पोट केव्हा सुरू होतंय याची वाट पाहिली. सुरू झालंच नाही. उलट डोकं अगदी स्वच्छ होतं. मला माहीत होतं की मी आता चालत जाणार आहे, काय बोलणार आहे तेही माहीत होतं. या वेळी धावले नाही.

काका चाक चढवत होते. मी खांद्याला हात लावला, ते वळले. मी म्हणाले, काका, हे चाक लावू नका. त्यांनी विचारलं, फोरमननं पास केलंय ना? मी म्हणाले, हो. त्यांना वाजलं. मलाही काही वेगळं ऐकू आलं नाही. पण माझ्या बोटाला ते तुटलेलं लागतंय, आणि याहून जास्त मला सांगता येत नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्या मशीनवरचा माणूस हसून काहीतरी म्हणाला. बहुधा महाराणीबद्दलच असावं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मागच्या वेळी तू घाबरलेली होतीस," ते म्हणाले. "आज घाबरलेली दिसत नाहीस. म्हणून काढतो."

फोरमन आले ते चिडूनच. माझ्या टेबलावरचा हातोडा घेतला आणि स्वतः फोडलं, बहुतेक मला दाखवायला की बघ, पांढरं. पाहिलं तर आतल्या कडेला नखाएवढा काळपट डाग, चंद्रकोरीसारखा. धूळ आत मुरलेली. म्हणजे कधीचा तडा होता तो.

फोरमननी तो तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी त्यावर फुंकर मारली, अंगठ्याने पुसून पाहिला. डाग गेला नाही. मग तुकडा खिशात टाकला आणि म्हणाले, चला, चहा घेऊ.

मी चहा घेतला, पण आनंद होत नव्हता. बोट एकदा बरोबर निघालं. पोटही लहानपणी एकदा बरोबर निघालं होतं, आणि त्यावर आमच्या घराने किती वर्षं काढली.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज सगळे बोलायला आले. एकाने विचारलं, महाराणींच्या बोटाचा विमा काढलाय का? मला समोरून म्हणाला म्हणून कळलं, आणि वेळेवर हसता आलं.

मग जिन्यावर डबा खात होते, तेव्हा खांद्यावर हात पडला. दचकले. इथे आजवर कुणी तसं केलं नव्हतं. पॅकिंगच्या ताई होत्या. त्या वळसा घालून समोर आल्या, माझ्यापेक्षा एक पायरी खाली बसल्या आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत बोलल्या. त्यामुळे त्यांचं बोलणं पहिल्यांदाच पूर्ण कळलं.

"मी आत्ता तुझ्या पाठीमागे उभी होते. तुला तीन गोष्टी सांगितल्या. तुझं अभिनंदन केलं, तुझी माफी मागितली, आणि शेवटी एक शिवी दिली. तू खात बसलीस."

मी म्हणाले, मी विचारात होते.

"नव्हतीस गं," त्या म्हणाल्या. "तुला ऐकू येत नाही."

मला रागच आला. मी आवाज तपासण्याचं काम करते असं म्हणाले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं. सहा महिने आम्ही समजत होतो की त्या आमच्यावर रुसल्यात, आणि त्या समजत होत्या की आम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंय.

मग त्यांनी माझ्या डब्यातलं एक फळ उचललं आणि 'महाराणी' म्हणायचं आता बंद करते म्हणाल्या. मी म्हणाले, राहू द्या. का म्हणाले कुणास ठाऊक. निदान ते एक नाव तरी इथलं आहे.

शनिवार, २६ ऑक्टोबर

कानांच्या दवाखान्यात गेले. एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड उशांसारखं काहीतरी चढवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी विचारलं, ऐकू आलं नाही पण आला असावा असं वाटलं तर? तपासणारा मुलगा काचेपलीकडून म्हणाला, ऐकू आलं तरच दाबा. बरं झालं विचारलं ते. नाहीतर मी त्याला वाईट वाटू नये म्हणून दाबत बसले असते.

आधी काही जाड आवाज आले, मी दाबलं. मग आवाज थांबले. बहुतेक यंत्रात काही बिघाड झाला असावा, म्हणून मी बटण धरून वाट पाहत बसले. बराच वेळ गेला. मग त्याने दार उघडलं. मला वाटलं, आता पुढचं सुरू करणार. तो म्हणाला, झालं.

डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला. जाड आवाज मला ठीक ऐकू येतात. वरच्या पट्टीतले येत नाहीत. शिट्टी, गजर, घंटा, बायकांचे बारीक आवाज. हळूहळू जातं, म्हणून ज्याचं जातं त्याला कळत नाही. त्याला वाटतं जगच पुटपुटायला लागलं. माझी सगळी चाकं बद्द का वाजत होती, तेही कळलं. घंटा वाजत होती. ती माझ्यापर्यंत पोहोचत नव्हती.

"घरात आणखी कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, नाही. आमच्या घरात सगळे एकमेकांशी नीट समोर बसून बोलतात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळे?" म्हणाल्या. "पहिल्यापासून?"

मी हो म्हणाले. त्यांनी पेन उचलून कागदावर काहीतरी लिहिलं. कानात घालायच्या यंत्राचं माप घेतलं, दोन आठवड्यांनी या म्हणाल्या.

जिना उतरताना मधेच थांबले. मागून येणाऱ्या माणसाला बाजूने जावं लागलं.

बाबा फोनवर कधीच येत नाहीत.

सोमवार, २८ ऑक्टोबर

काल दिवसभर ठरवत होते. फोरमनना सांगितलं नाही तर चालण्यासारखं होतं. मंगळवारनंतर बोटाने आणखी दोन चाकं काढली, दोन्हींच्या कडा काळ्या निघाल्या, आणि पांढरं एकही फुटलं नाही. पण त्यांनी मला कानासाठी नेमलं आहे. जे नाही ते आहे असं दाखवून पगार घेणं मला जमणार नाही. आणि एखाद्या दिवशी बोटाला ताप आला, जखम झाली, तर?

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीकडे वळून काहीतरी बोलले. मी म्हणाले, साहेब, माझ्याकडे बघून बोला, मला आता कळत नाही. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलले. 

ते वळले. "मीच म्हणालो होतो ना तुला, कान लावून कर म्हणून," ते म्हणाले. मग थोडं हसले, मीही हसले.

तूर्त असं ठरलं आहे की मोगरीशी पॅकिंगच्या ताई बसतील आणि चाक माझ्या बोटावर असेल. दोघींपैकी एक जरी नाही म्हणाली तरी फोडायचं. वरच्या ऑफिसला ते कळवतील. ऑफिस काय म्हणेल ते सांगता येत नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, बसेन, पण माझ्या कानाची चेष्टा करायची नाही.

मी रविवारी घरी जाते आहे. आईला फोनवर कारण सांगितलं नाही. ती दोनदा काहीतरी म्हणाली. दुसऱ्यांदा कळलं. विचारत होती, पोट काय म्हणतंय?

रविवार, ३ नोव्हेंबर

घरी पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. आईने दार उघडलं आणि नेहमीसारखे दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवून, माझा चेहरा स्वतःकडे वळवून बोलायला लागली. आजवर मला ही माया वाटत होती. मायाच असेल. पण ही ओंजळ तिने कुणासाठी आणि किती वर्षांपूर्वी करायला घेतली असेल, असं मनात आलं. मी तिला काही विचारलं नाही. बाबा कुठे आहेत एवढंच विचारलं. तिने वर्कशॉपकडे बोट दाखवलं.

मशीन बंद होती. बाबा दाराकडे पाठ करून बाकावर बसले होते, बोटावर चाक अडकवून, डोळे मिटलेले असावेत. आत उजेड कमी झाला होता. मी उंबऱ्यावर उभी राहिले. आमच्यात पाच-सहा पावलांचं अंतर असेल.

एक हाक मारायची होती फक्त. हळू, 'बाबा' एवढीच. ते वळले असते तर माझं सगळं चुकलं असतं आणि मी निवांत झाले असते. नसते वळले तर कळलं असतं. तोंड उघडलंही होतं. दिवसभर मी हेच तर करते. ठोकून बघते.

मग ते चाक खाली ठेवायला वाकले आणि मला त्यांची मान दिसली. वाळलेली, दोन्ही बाजूंनी दोर ताणल्यासारखी. दर दोन क्षणांनी ती थोडी दाराकडे वळत होती आणि परत जात होती. मी येणार हे आईने सांगितलं असेल. माझी चाहूल लागणार नाही म्हणून ते वळूनवळून बघत होते. मी दारातल्या अंधारात होते, त्यामुळे दिसत नव्हते.

हाक नाही मारली. चालत गेले आणि खांद्यावर हात ठेवला.

ते वळले. हसले. माझे हात पाहिले, तर्जनीवरचा घट्टा पाहिला, त्यावर अंगठा फिरवला. मी त्यांच्या समोर बाकावर बसले.

"बाबा," मी म्हणाले, "मला ऐकू कमी येतं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली. ती आठी मी लहानपणापासून पाहते आहे. ती रागाची आहे असं मला वाटायचं आणि मी माझं वाक्य आणखी नीट करून पुन्हा म्हणायचे.

ते उठले, भिंतीशी गेले आणि दिवा लावला. परत येऊन आपलं स्टूल माझ्या जवळ ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं, आणि माझ्या चेहऱ्यावर उजेड नीट पडतो आहे ना ते पाहिलं.

"हं," म्हणाले. "आता सांग."